सिक्युरिटी की लावूनही लॅपटॉप उघडत नसेल तर
सिक्युरिटी की (ओळख पटवण्यासाठी लावायचे छोटे यूएसबी उपकरण) लावूनही लॅपटॉपचे लॉगिन पुढे सरकत नसेल, तर आधी ती यूएसबी हबमधून (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या उपकरणातून) काढून थेट लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमध्ये बसवावी. रुंद पोर्टमध्ये चपटी की उलटीही सहज जाते (माझी फसगत बहुधा इथेच होते), म्हणून तिचे सोनेरी पट्टे पोर्टमधल्या प्लास्टिकच्या पट्टीकडे आहेत ना, हे पाहावे. दिवा लुकलुकू लागल्यावर सोनेरी चकतीवर बोट क्षणभर टेकवावे. जोर लावण्याची गरज नसते. कीचा पिन मात्र अंदाजाने टाकू नये. फिडो-२ (कीने लॉगिन करण्याची एक प्रमाण पद्धत) प्रकारात सलग ३ चुकांनंतर की काढून पुन्हा लावावी लागते आणि योग्य पिन न पडता ८ चुका झाल्यास पिन कायमचा अडकतो. मग रीसेट करावे लागते व त्यात कीवरील सर्व फिडो नोंदी (लॉगिनसाठीची माहिती) पुसल्या जातात.