आंधळ्या चपटकृमीचे कुल कसे ठरवावे

खान्देशात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जुन्या विहिरीत पांढरा, डोळे नसलेला चपटकृमी सापडला, तर त्याला लगेच केंकिडी या चपटकृमींच्या कुलात टाकू नये. १९३७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ लिबी हायमन यांनी स्थापलेल्या या कुलातील केंकिया आणि स्फॅलोप्लाना या प्रजाती उत्तर अमेरिकेतील गुहांत व भूजलात आढळतात. शिवाय अंधारात राहणाऱ्या वेगवेगळ्या कुलांतील कृमींचे डोळे आणि रंग स्वतंत्रपणे नाहीसे झालेले असल्यामुळे, या दोन खुणांवरून नाते सिद्ध होत नाही.

लहान छिद्रे पाडलेल्या बाटलीत कलेजीचा (यकृताचा) तुकडा आमिष म्हणून घालून ती दोरीने रात्रभर पाण्यात सोडावी. सापडलेले कृमी त्याच विहिरीच्या पाण्यात, थंड व अंधाऱ्या जागी ठेवून आणावेत. खान्देशातील उन्हाळ्यात ही काळजी सर्वांत महत्त्वाची आहे.

प्रथम भिंगातून आतड्याच्या तीन मुख्य शाखा पाहाव्यात, म्हणजे ट्रायक्लॅडिडा हा गण निश्चित होतो. त्यानंतर डोक्याच्या टोकाला चिकटण्याचा अवयव आहे का, हे तपासावे. केंकिडीत तो असतो, परंतु डेंड्रोसीलिडी या दुसऱ्या कुलातील अनेक जातींतही असतो. म्हणून एक नमुना डीएनएसाठी तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवून, दुसरा बुआँ द्रावणात (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) स्थिर करावा आणि त्याचे मायक्रोटोमवर (पातळ काप घेण्याच्या यंत्रावर) सलग पातळ छेद घ्यावेत. घशाच्या आतील बाजूचे वर्तुळाकार व उभे स्नायू एकमेकांत मिसळलेले असले, तर डेंड्रोसीलिडीकडे कल जातो. जाती ठरवताना मात्र जननेंद्रियांची रचनाच निर्णायक ठरते, आणि ती केवळ प्रौढ कृमीतच पूर्ण दिसते.