आधी कामाच्या वेळा, मग ग्राहक : ठाणे-नवी मुंबईत फ्रीलान्स संगणककाम करणाऱ्यांसाठी

घरी बसून संगणकाची स्वतंत्र कामे घेणाऱ्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात : तब्येत सांभाळा, आणि कामे मिळवत राहा. पहिला सल्ला घरातून येतो, दुसरा व्यवसायातल्या मित्रांकडून, त्यामुळे हे दोन निराळे विषय आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात ग्राहक कोणता घेतला, तो किती वाजता फोन करतो आणि पैसे किती दिवसांनी देतो, यावरच पुढच्या वर्षभराची झोप आणि मानेचे दुखणे अवलंबून असते. म्हणून घोडबंदर रोडवर किंवा खारघरमध्ये राहत्या घरी टेबल मांडून वेबसाइट, अ‍ॅप, डेटाबेस, डिझाइन अशी कामे सुरू करणाऱ्याने आधी आपल्या कामाच्या वेळा कागदावर लिहाव्यात आणि मग त्या वेळांत बसणारे ग्राहक शोधावेत. बहुतेकजण हे उलट क्रमाने करतात.

परदेशी ग्राहक आणि आपले घड्याळ

लंडनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे अडीच आणि उन्हाळ्यात दीड वाजलेला असतो. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा. कॅलिफोर्नियाचे नऊ मात्र हिवाळ्यात रात्री साडेदहाला आणि उन्हाळ्यात साडेनऊला पडतात. ही घड्याळे अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तर ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. या तारखा दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवल्या तर त्या आठवड्यात बैठक चुकण्याची नामुष्की टळते.

रात्रीचे जागरण दिवसा भरून काढता येईल, हा हिशेब आपल्याकडच्या घरांत जमत नाही. सकाळी दूधवाला, मग कुकरच्या शिट्ट्या, दहानंतर वरच्या मजल्यावरच्या नूतनीकरणाचे ड्रिल आणि दुपारी कुरिअरची बेल, इतक्या गोष्टींतून सलग सहा तास झोप मिळवणारा माणूस विरळाच. त्यामुळे घरात लहान मुले किंवा वृद्ध आईवडील असतील तर ब्रिटन आणि युरोपचे ग्राहक पहिल्या पसंतीचे मानावेत, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे दुसऱ्या, आणि कॅलिफोर्नियाचा ग्राहक त्याला तिथल्या सकाळी आठची बैठक मान्य असेल तरच घ्यावा.

बोलण्याची वेळ प्रस्तावातच नोंदवावी. ‘मी भारतीय वेळेनुसार सायंकाळी ७ ते ९ या वेळेत बैठकीसाठी उपलब्ध असेन, इतर वेळी आलेल्या निरोपांना पुढील कामाच्या दिवशी लेखी उत्तर मिळेल, सेवा पूर्ण बंद पडल्यास वेगळ्या क्रमांकावर संपर्क साधावा आणि अशा कामाचा दर दीडपट राहील’ एवढे लिहिले तरी पुरते. हा मजकूर वाचून ग्राहक नाराज होईल अशी भीती अनेकांना वाटते. तो खरोखरच नाराज झाला, तर पुढच्या सहा महिन्यांत तो रात्री एक वाजता फोन करणारच होता, एवढे समजून घ्यावे.

एकूण तासांनाही मर्यादा हवी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयाच्या रक्तपुरवठ्याशी निगडित आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के अधिक आढळला. स्वतंत्र काम करणाऱ्याचे तास कोणी मोजत नाही, म्हणून ते आपणच वहीत लिहावेत, आणि त्यात बिल न होणारे तासही धरावेत.

जवळचा ग्राहक

परदेशी ग्राहकाच्या नादात आपल्या दाराशी असलेली कामे दिसत नाहीत. एमआयडीसी (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) १९६२ साली स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळे, महापे, तुर्भे असा मोठा औद्योगिक विस्तार झाला. या भागांतले काही मोठे कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, तरी पॅकेजिंग, छपाई, सुटे भाग, रसायने यांचे असंख्य छोटे उद्योग अजून तिथे आहेत. त्यांची अडचण बहुधा सारखीच असते : बिले टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, मालाचा साठा एक्सेलमध्ये आणि माल रवाना झाल्याची खबर व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यामुळे गोदामात नक्की काय शिल्लक आहे हे एका माणसाला तोंडपाठ असते आणि तो रजेवर गेला की सगळे अडते.

अशा मालकाकडे जाऊन ‘तुमची वेबसाइट करून देतो’ असे म्हणू नये. असे म्हणणारे त्याला दर आठवड्याला भेटतात. त्याऐवजी एकच नेमकी अडचण धरून निरोप पाठवावा : ‘नमस्कार साहेब, मी ठाण्यातच राहतो आणि छोट्या कारखान्यांसाठी साठ्याच्या नोंदीची व्यवस्था करून देतो. टॅलीतली बिले आणि गोदामातली शिल्लक रोज संध्याकाळी आपोआप जुळवून आपल्या फोनवर यावी, अशी सोय करता येते. आपल्याकडे सध्या ही नोंद कशी होते, हे समजून घेण्यासाठी वीस मिनिटे मिळाली तर मी येऊन बसतो. त्यासाठी काही आकार नाही.’ या निरोपाला उत्तर आले नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करावी आणि मग तो विषय सोडावा.

भेटीची वेळ समोरच्याच्या धंद्यावरून ठरवावी. वाशीच्या एपीएमसीत (कृषी उत्पन्न बाजार समितीत) कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला, मसाला आणि धान्य असे पाच बाजार आहेत. भाजीपाल्याच्या गाळेवाल्याची धावपळ पहाटेची असते, त्यामुळे त्याच्याशी सकाळी बोलायला जाणे म्हणजे नकार ओढवून घेणे होय. कारखानदाराला पाळीची पहिली गडबड ओसरल्यावर गाठावे. दंतवैद्य किंवा कोचिंग क्लासचा चालक दुपारी मोकळा असतो. अशा भेटी आठवड्यातून दोनदा ठेवल्या की उन्हात चालणे होते, माणसे दिसतात, आणि चार भिंतींत बसून येणारा एकटेपणा औषधावाचून कमी होतो. हा माझ्या मते स्थानिक ग्राहकाचा सर्वांत मोठा फायदा आहे, जरी त्याचा दर परदेशी ग्राहकापेक्षा कमी असला तरी.

ओळखीचा उपयोग करण्यात संकोच नसावा, पण ओळख कोणाची याचा विचार करावा. नात्यातले लोक बहुधा फुकट काम आणतात. त्याउलट नौपाड्यातल्या किंवा सीबीडी-बेलापूरच्या एखाद्या सनदी लेखापालाला कोणत्या व्यावसायिकाचे हिशेब दर महिन्याला अडतात हे पक्के माहीत असते. सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामे करणारा दुकानदार, छापखान्याचा मालक, इंटीरियर डिझायनर यांनाही ‘हे काम करणारा कोणी आहे का’ असे वारंवार विचारले जाते. अशा दहा माणसांना आपण नेमके काय करतो हे एका वाक्यात सांगता आले, तर ते आपल्यासाठी शब्द टाकतात. नोकरी सोडून बाहेर पडलेल्यांनी जुन्या कंपनीच्या ग्राहकांना निरोप पाठवण्यापूर्वी आपल्या नियुक्तिपत्रातील अटी मात्र वाचाव्यात.

ऑनलाइन फ्रीलान्स संकेतस्थळांबद्दल थोडक्यात एवढेच की, तिथे अरुंद विषय घेऊन उतरावे. ‘सर्व प्रकारची कामे’ लिहिणारा माणूस तिथे फक्त दरावर तोलला जातो.

कामे भरपूर असतानाही नवा ग्राहक शोधण्यासाठी रोज एक तास राखून ठेवावा, आणि तो सकाळचा असावा. काम संपल्यावर घाबऱ्याघुबऱ्या शोधलेला ग्राहक जवळजवळ नेहमी रात्रीचा, कमी दराचा किंवा दोन्ही असतो. एकाच ग्राहकाकडून एक तृतीयांशाहून अधिक उत्पन्न येऊ लागले, तर तो ग्राहक राहिलेला नसून साहेब झालेला आहे, असे समजून दुसरा शोधायला लागावे.

दर आणि वसुली

दर ठरवताना महिन्याचे १६० तास सगळे विकले जातील असे धरू नये. भेटी, कोटेशन, हिशेब आणि शिकणे यांत निम्मा वेळ जातो. घरखर्च, कर, विमा आणि बचत मिळून महिन्याला ८०,००० रुपये लागत असतील आणि ८० तासांचेच बिल होणार असेल, तर तासाला १,००० रुपये हा तळ झाला. त्याच्या खाली घेतलेले प्रत्येक काम जास्तीच्या तासांनी, म्हणजे अखेरीस पाठीने, फेडावे लागते.

काम सुरू करण्यापूर्वी चाळीस ते पन्नास टक्के रक्कम आगाऊ घ्यावी आणि उरलेली टप्प्याटप्प्याने. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनामूल्य होते, ती पहिले काम घेण्याआधीच करून तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे करारात काहीही लिहिले असले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागू होते. स्थानिक ग्राहकाला थेट कायदा दाखवायची वेळ क्वचित येते. बिलावरची एक ओळ वाचून त्याचा लेखापालच धनादेश पुढे सरकवतो.

देशातील कंपनी बिलातून कामाच्या स्वरूपानुसार १० किंवा २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच वळता केला जाणारा प्राप्तिकर) कापू शकते, त्यामुळे कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा झाली की नाही हे दर तिमाहीला तपासावे. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरावा लागतो, आणि वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी आवश्यक ठरते. पुढचे सनदी लेखापालावर सोपवावे. तो खर्च रात्रीच्या झोपेसाठी स्वस्तच आहे.

टेबल, डोळे आणि विमा

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून केलेले काम मान वाकवूनच होते. लॅपटॉप स्टँडवर चढवून पडद्याची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा किंचित खाली आणावी, पडदा हातभर अंतरावर ठेवावा, आणि कीबोर्ड व माउस वेगळे घेऊन कोपर साधारण काटकोनात राहतील अशी उंची साधावी. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट ठेवला तरी चालतो. महागड्या खुर्चीपेक्षा हे आधी करावे.

पडद्याकडे बघताना पापण्या कमी वेळा लवतात आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहण्याचा नियम त्यासाठीच आहे. खिडकीतून येऊरचे डोंगर किंवा खाडी दिसत असेल तर उत्तमच. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना, विशेषतः रात्री, मुंग्या येऊ लागल्या किंवा पकड सैल वाटू लागली, तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. तेव्हा मलम चोळत दिवस काढू नयेत आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रोज तीस मिनिटे याप्रमाणे आठवड्यातले पाच दिवस उपवनचा तलाव, खारघरचे सेंट्रल पार्क किंवा पाम बीच रोडलगतचा पदपथ यांपैकी जवळचे गाठले की पहिला भाग पुरा होतो. पावसाळ्यात जिने आहेतच. पडद्याविना एक-दोन तास बसायचे असेल तर ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे.

नोकरी सोडली की कंपनीचा सामूहिक आरोग्य विमाही सुटतो, म्हणून स्वतःची पॉलिसी राजीनाम्याआधीच घ्यावी. नव्या पॉलिसीत अपघात वगळता पहिल्या तीस दिवसांत सहसा दावा मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

ग्राहक सोडताना

इतके करूनही एखादा ग्राहक अवेळी फोन करणे आणि पैसे रखडवणे थांबवत नाही. त्याला एकदा लेखी आठवण द्यावी. फरक पडला नाही तर महिना अखेरपर्यंतची मुदत देऊन, कारणांचा पाढा न वाचता, काम थांबवत असल्याचे ईमेलने कळवावे. तोपर्यंतचे बिल त्याच ईमेलला जोडावे. ते चुकते झाले की सर्व पासवर्ड, डोमेनचे खाते आणि सोर्स कोड त्याच्या ताब्यात देऊन पोच घ्यावी. दुसऱ्या कोणाचे नाव सुचवायचे असेल तर आधी त्या माणसाला विचारावे आणि हा ग्राहक कसा आहे ते खरे सांगावे. रिकाम्या झालेल्या तासांत पहिला आठवडाभर कोणतेही नवे काम घेऊ नये आणि तेवढ्यात राहून गेलेली रक्ततपासणी व डोळ्यांची तपासणी उरकून घ्यावी.