मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकची लाइन (ब्रेक ऑइलची नळी) बदलताना: पाना हातात घेण्याआधी

जुनी लाइन सोडायच्या आधी ती कुठून वळते, कोणत्या क्लिपमध्ये बसते याचे फोटो काढून ठेवा. मग नवी लाइन नुसती हाताने लावून बघा, काही आवळू नका. हँडल दोन्ही बाजूंना लॉक होईपर्यंत फिरवा. पुढचं चाक उचलून फोर्क (चाक धरणारे पुढचे दांडे) पूर्ण लोंबकळू द्या, मग दाबून बघा. कुठेही लाइन ताणली, पिळली किंवा टायरला घासली तर वाट बदला. मास्टर सिलिंडरपासून (लिव्हरजवळचा, ऑइल ढकलणारा पंप) लाइन आधी वर चढून मग उतरत असेल तर त्या कमानीत हवा अडकून बसते आणि नंतर लिव्हर दाबून दाबून हात भरून येतात. उतार सलग मिळाला की निम्मं ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, तिथेच झालं.

बँजो म्हणजे लाइनच्या टोकाची गोल कडी, ती बसवणाऱ्या बँजो बोल्टचे वॉशर नवेच हवेत: बँजोच्या दोन्ही बाजूंना एकेक, एकाच बोल्टवर दोन लाइन असतील तर तीन. बोल्ट आतून पोकळ असतो, त्यामुळे टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमध्ये बघूनच द्यायचा. ‘अजून थोडं’ इथे महागात पडतं.

ब्रेक ऑइल हे मास्टर सिलिंडरवरच्या डबीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं (डॉट ४ वगैरे), सीलबंद बाटलीतलं घ्या. ते हवेतली ओल शोषतं: ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही हमी १५५वर येते. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते ५.१चा भाऊ समजून ओतू नका. टाकीवर जाड कापड टाका, शेजारी पाणी ठेवा. रंगावर थेंब पडला तर लगेच धुवा. निपलला (ब्रेकवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) नेमका बसणारा रिंग पाना, पारदर्शक नळी, रिकामी बाटली हाताशी ठेवा. डबीचे स्क्रू मऊ असतात, स्क्रू-ड्रायव्हर घट्ट बसणाराच घ्या.

डबी भरली की लिव्हर अगदी थोडा, हळूहळू हलवा. तळाच्या छिद्रातून मोहरीएवढे बुडबुडे वर येतात. ते थांबेपर्यंत निपलला हात नको. नंतरचा क्रम ठरलेला: लिव्हर दाबून धरा, निपल पाव आटा सोडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. मध्ये डबी रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. लिव्हर दगडासारखा लागला की तो बराच वेळ हँडलला बांधून ठेवा, प्रत्येक बँजोभोवती कोरडा टिश्यू गुंडाळा. टिश्यू ओला झाला तर गाडी बाहेर काढायची नाही.