पुढची सस्पेन्शन स्प्रिंग घरी बदलताय? या चुका टाळा

बॉनेट उघडलं की स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या) डोक्यावर बहुतेक गाड्यांत तीन लहान नट दिसतात आणि त्यांच्या मधोमध एक मोठा. नवशिक्याचा पाना हमखास त्या मोठ्यावरच जातो. मोठा दिसतोय म्हणजे तोच सोडायचा, असा हिशोब असावा. अहो, दाबलेली स्प्रिंग जागेवर धरून ठेवलीय ती त्याच नटाने! स्ट्रट गाडीतून काढायला वरून बाजूचे लहान नट पुरतात. मधला सोडायचा तो स्ट्रट बाहेर आल्यावर, स्प्रिंग कॉम्प्रेसर (वेढे पकडणारे हूक असलेले, आट्यांचे दोन दांडे) लावून स्प्रिंग पुरेशी दाबल्यावर. पुरेशी म्हणजे किती? स्प्रिंग हाताने धरून आपल्या जागी सैलसर हलवता आली पाहिजे. हलत नसेल तर ताण आहे. "थोडासाच ताण उरलाय, चालेल" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरही देत नाही. छोट्या गाडीचीसुद्धा एकेक पुढची स्प्रिंग जवळपास 300 किलोचा भार पेलते. त्यातला थोडासा म्हणजे किती, ते ज्याचं त्याने ठरवावं. काही जुनेजाणते चाक जमिनीवर असतानाच हा नट पाव वळसा ढिला करून ठेवतात. त्यांना जमतं. मी करत नाही आणि पहिल्यांदा करणाऱ्याने तर मुळीच करू नये.

आता कॉम्प्रेसर. माझी पहिली स्प्रिंग मी उसन्या आणलेल्या, आटे गंजलेल्या कॉम्प्रेसरने दाबायला घेतली. दोन्ही दांडे समोरासमोर लावायचे असतात हे ठाऊक होतं, पण तिथे हूक नीट बसेना, म्हणून "जवळपास समोरासमोर" लावले. वर घाई अशी की आधी एक दांडा भराभर आवळला, मग दुसऱ्याकडे वळलो. स्प्रिंग धनुष्यासारखी वाकली आणि 'टक्' आवाज करून एक हूक वेढ्यावरून बोटभर सरकला. एवढंच झालं. पण मी तीन पावलं मागे होतो आणि तिथे कधी पोचलो ते आठवत नाही. मग स्ट्रट भिंतीच्या कोपऱ्याकडे तोंड करून टेकवला, वर जाडं पोतं टाकलं आणि बाजूला बसून लांब दांड्याच्या पान्याने अर्धा अर्धा वळसा करत सगळं पुन्हा ढिलं केलं. त्यात पाऊण तास गेला. तोवर मधल्या नटाला हात लावला नव्हता, म्हणून आज हे लिहायला बसलोय.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आट्यांना आधी ग्रीस लावायचं. हूक अगदी समोरासमोर आणि जमतील तितके वेढे पकडतील असे. हुकांना सुरक्षेची पिन असेल तर ती लावायचीच. ती हरवलेली असेल तर तो कॉम्प्रेसर परत करायचा. दोन वळसे इकडे, दोन वळसे तिकडे. प्रत्येक हुकाशेजारी वेढ्यावर खडूची रेघ मारतो. हूक केसभर जरी सरकला तरी लगेच दिसतं. इम्पॅक्ट गन नाही, हातानेच. गनने आटे तापतात आणि झिजतात, शिवाय दांड्यावर किती जोर येतोय ते हाताला कळत नाही. स्प्रिंगच्या दोन टोकांच्या रेषेत स्वतःचं डोकं कधीच आणायचं नाही. आणि दाबलेली स्प्रिंग कोपऱ्यात ठेवून जेवायला जायचं नाही.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालणाऱ्यांशी मी बोलत नाही. स्टँड लावा.

एकच बाजू बदलू नका. तुटलेली डावी नवी आणि थकलेली उजवी तशीच, मग गाडी एका अंगाला कलते आणि दोष नव्या स्प्रिंगला. काही मॉडेलमध्ये डाव्या-उजव्या स्प्रिंगाही वेगळ्या असतात, तेव्हा बसवण्याआधी पार्ट नंबर आणि रंगाच्या खुणा जुळवा.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा चकचकीत दांडा पकडीने धरू नका. ओरखडा पडला की सील जातं आणि तेल गळतं. त्याच्या डोक्यावर अ‍ॅलन पान्यासाठी किंवा पकडायला खाच दिलेली असते, ती त्यासाठीच.

स्ट्रट सुटला की नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर कलंडतो आणि सगळं वजन ब्रेकच्या होजवर येतं. आधीच तारेने बांधून ठेवा. नाहीतर चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंटही निसटू शकतो, मग स्प्रिंग राहिली बाजूला.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे स्प्रिंगचं टोक. खालच्या बैठकीत एक पायरी असते, वेढ्याचं शेवटचं टोक तिला टेकून बसायला हवं. एका मित्राने ते दोन इंच पुढे ठेवून सगळं आवळलं. स्टिअरिंग वळवलं की 'टण्ण'. त्याने आधी स्टॅबिलायझर लिंक बदलली, मग टॉप माउंट, मग स्टिअरिंगच्या रॅकवर संशय घेतला. माउंटच्या वेळी स्ट्रट पुन्हा खोलला, तरी खाली बघितलं नाही! शेवटी मी टॉर्च मारली आणि दहा सेकंदांत दिसलं. कॉम्प्रेसर ढिला करताना दर थोड्या वळशांनी थांबून खालचं टोक बघा. वरचं बेअरिंग, वाटी, रबर कुठल्या क्रमाने आणि कुठल्या तोंडाने बसतात याचे फोटो खोलण्याआधीच काढून ठेवा. "लक्षात राहील" म्हणणाऱ्यांच्या हातात शेवटी एक वॉशर उरतोच.

लोअर आर्मचे (नकलला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबर-बुशवाले बोल्ट ढिले केले असतील तर शेवटचे आवळणे गाडीचं वजन चाकांवर आल्यावर करा. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नकलच्या बोल्टची जागा काढण्याआधी पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवा, पण त्या खुणेच्या भरवशावर चाकांची अलाइनमेंट टाळू नका.

गाडी खाली उतरवल्यावर पुढून उंच दिसेल. जरा चालवून आणा, बसेल. तरी जुन्या थकलेल्या स्प्रिंगांपेक्षा थोडी उंच राहीलच, तेव्हा हेडलाइटचा झोत एकदा भिंतीवर पाडून तपासा.