हल की ओव्हेच्किन? दोन गोलवीरांचा बहराचा काळ कसा तोलायचा

आइस हॉकीपटू ब्रेट हलने १९८९-९० ते १९९१-९२ या तीन हंगामांत सेंट लुईस ब्लूजकडून २३१ सामन्यांत २२८ गोल केले. अलेक्झांडर ओव्हेच्किनने २००७-०८ ते २००९-१० या तीन हंगामांत वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून २३३ सामन्यांत १७१ केले. एवढंच पाहिलं तर वाद संपलाच, हल ५७ गोलांनी पुढे. पण एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये, १९९० च्या सुमारास गोल मुबलक होत होते आणि २००८ पर्यंत ते बरेच आटले होते. म्हणून आधी प्रत्येकाचे गोल त्याच्या काळाच्या मापाने मोजायचे आणि मग दोघांना शेजारी उभं करायचं. ही पद्धत आइस हॉकीतल्या कुठल्याही दोन गोल करणाऱ्यांना लावता येते. लागतो तो फक्त कॅल्क्युलेटर आणि हंगामवार आकडे.

पहिलं काम म्हणजे काळ ठरवणं, आणि निम्म्या तुलना इथेच बिघडतात. एका खेळाडूचे सर्वोत्तम तीन हंगाम इकडून तिकडून वेचून घ्यायचे आणि दुसऱ्याचे सलग तीन घ्यायचे, हे चालणार नाही. दोघांनाही एकच नियम लावा. सलग तीन हंगाम हे माप मला सर्वात योग्य वाटतं. एकाच हंगामात नशिबाचा वाटा मोठा असतो. पाच हंगाम घेतले की उतरणीची वर्षंही आत येतात आणि बहर पातळ दिसतो. प्लेऑफचे, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतले, गोल यात मिसळू नका. तिथे सामने कमी असतात आणि प्रतिस्पर्धी निवडक, त्यामुळे त्यांचा हिशेब स्वतंत्रच हवा.

आता हंगामवार आकडे लिहून काढा. गोल, सामने, शॉट आणि पॉवर प्लेवरचे (पेनल्टीमुळे समोरच्या संघात खेळाडू कमी असतानाचे) गोल, एवढे चार रकाने पुरतात.

हल, १९८९-९०: ७२ गोल, ८० सामने, ३८५ शॉट, पॉवर प्लेवर २७
हल, १९९०-९१: ८६ गोल, ७८ सामने, ३८९ शॉट, पॉवर प्लेवर २९
हल, १९९१-९२: ७० गोल, ७३ सामने, ४०८ शॉट, पॉवर प्लेवर २०
ओव्हेच्किन, २००७-०८: ६५ गोल, ८२ सामने, ४४६ शॉट, पॉवर प्लेवर २२
ओव्हेच्किन, २००८-०९: ५६ गोल, ७९ सामने, ५२८ शॉट, पॉवर प्लेवर १९
ओव्हेच्किन, २००९-१०: ५० गोल, ७२ सामने, ३६८ शॉट, पॉवर प्लेवर १३

एकूण गोलांऐवजी दर सामन्याचे गोल घ्या. हलच्या वेळी हंगाम ८० सामन्यांचा होता, ओव्हेच्किनच्या वेळी ८२ चा. शिवाय ओव्हेच्किन २००९-१० मध्ये दुखापत आणि निलंबनामुळे दहा सामने बाहेर होता. भागाकार केला की हलचे दर सामन्याला ०.९८७ येतात आणि ओव्हेच्किनचे ०.७३४. म्हणजे हल अजूनही सुमारे ३४ टक्क्यांनी पुढे आहे.

खरी मेख पुढच्या पायरीत आहे. प्रत्येक हंगामात एक संघ एका सामन्यात सरासरी किती गोल करत होता, ते शोधा. १९८९-९० मध्ये ही सरासरी ३.६८ होती, १९९०-९१ मध्ये ३.४६ आणि १९९१-९२ मध्ये ३.४८. ओव्हेच्किनच्या तीन हंगामांत ती अनुक्रमे २.७२, २.८५ आणि २.७७ होती. दोघांसाठी ३.०० ही समान पातळी धरा. मग खेळाडूचे दर सामन्याचे गोल त्या हंगामाच्या सरासरीने भागा, ३ ने गुणा आणि शेवटी ८२ ने गुणा. हलच्या १९९०-९१ चा हिशेब असा: ८६ भागिले ७८ म्हणजे १.१०३. त्याला ३.४६ ने भागून ३ ने गुणलं की ०.९५६. ८२ सामन्यांचे झाले ७८ गोल.

असंच सगळं काढलं की हलचे तीन हंगाम ६०, ७८ आणि ६८ असे येतात. ओव्हेच्किनचे ७२, ६१ आणि ६२. बेरीज २०६ विरुद्ध १९५. चौतीस टक्क्यांची आघाडी सहा टक्क्यांच्या आत आली. क्रमही बघण्यासारखा आहे. ओव्हेच्किनचे ६५ गोल आता हलच्या ७२ आणि ७० या दोन्ही हंगामांच्या वर बसतात, पण ८६ च्या खालीच राहतात.

इथे एक चूक सर्रास होते. २००५-०६ पासून एनएचएलमध्ये बरोबरीचे सामने शूटआऊटने, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकाविरुद्ध मारून, सुटू लागले आणि शूटआऊट जिंकणाऱ्या संघाच्या खात्यात एक गोल जमा होतो. तो कुठल्याही खेळाडूच्या गोलांत धरला जात नाही. पण संघांच्या गुणतक्त्यातून सरासरी काढली तर ते गोलही आत येतात आणि ओव्हेच्किनच्या तीन हंगामांची सरासरी २.७८, २.९१ आणि २.८४ अशी फुगते. मग त्याची बेरीज १९५ ऐवजी १९० च्या आसपास येते आणि अकरा गोलांचं अंतर सोळावर जातं. म्हणून तुमच्या तक्त्यात शूटआऊटचे गोल धरलेत की वगळलेत, हे आधी पाहून घ्या.

दुसरी बारीक दुरुस्ती म्हणजे सरासरीतून त्या खेळाडूचे स्वतःचे गोल वजा करणं. नाहीतर जो जास्त गोल करतो तो स्वतःचीच सरासरी वाढवून स्वतःचं नुकसान करतो. १९९०-९१ मध्ये २१ संघांची लीग होती आणि तिच्या सगळ्या गोलांपैकी सुमारे दीड टक्का एकट्या हलचे होते. ओव्हेच्किनच्या वेळी ३० संघ होते, त्याचा २००७-०८ चा वाटा जेमतेम एक टक्का. निकाल यामुळे बदलत नाही, हलच्या बाजूला किंचित भर पडते इतकंच. वेळ कमी असेल तर ही पायरी सोडली तरी चालेल.

आता गोल कशातून आले ते पाहा. माझ्या मते तुलनेचा गाभा इथेच आहे, कारण दोघांची पद्धत अगदी वेगळी होती. हलने तीन हंगामांत ११८२ शॉट मारले, सामन्याला ५.१. ओव्हेच्किनने १३४२, सामन्याला ५.८. हलचे १९.३ टक्के शॉट जाळ्यात गेले, ओव्हेच्किनचे १२.७ टक्के. पण शॉटची टक्केवारीही काळाच्या मापानेच वाचायची. हलच्या वेळी लीगमधले गोलरक्षक सरासरी ८८.५ टक्के शॉट अडवत होते, ओव्हेच्किनच्या वेळी सुमारे ९१ टक्के. म्हणजे सरासरी शॉट जाळ्यात जाण्याचं प्रमाण आधी ११.५ टक्के होतं, नंतर ९ टक्क्यांच्या आसपास. त्याने भागलं की हल सरासरीच्या जवळपास १.७ पट येतो आणि ओव्हेच्किन १.४ पट.

हल गोलसमोर मोकळी जागा हेरून तिथे वेळेवर पोहोचायचा आणि पास येताच, पक (खेळातली चकती) न थांबवता, मारायचा. गोलरक्षक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकत असतानाच शॉट सुटला की जाळ्याचा बराच भाग उघडा असतो. १९९०-९१ मध्ये ॲडम ओट्सने ६१ सामन्यांत ९० असिस्ट (गोलाकडे नेणारे पास) दिले आणि हलला असे पास पुरवणारा मुख्य माणूस तोच होता. ओव्हेच्किन डाव्या बाजूने आत शिरायचा आणि बचावपटू समोर असतानाही मारायचा. २००८-०९ मधले ५२८ शॉट हे त्याचंच फळ. असे शॉट जाळ्यात कमी जातात, पण ते स्वतः तयार करता येतात. साथीदाराचा वाटा तपासायचा असेल तर तो साथीदार संघात नसतानाचे सामने वेगळे काढा. ओट्स फेब्रुवारी १९९२ मध्ये बोस्टनला गेला, त्यामुळे हलच्या बाबतीत ही रेघ स्वच्छ आखता येते. मात्र उरलेले सामने थोडे आहेत, त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नका.

पॉवर प्लेचा वाटा दोघांचा जवळपास सारखाच निघतो: हलचे २२८ पैकी ७६, ओव्हेच्किनचे १७१ पैकी ५४, दोन्हीकडे साधारण एक तृतीयांश. त्यामुळे इथे वेगळी दुरुस्ती करायची गरज नाही. दुसऱ्या जोडीत हा वाटा वेगवेगळा निघाला, तर पॉवर प्लेवरचे गोल आणि बाकीचे गोल वेगळे करा आणि प्रत्येकाला लीगच्या त्याच प्रकारच्या सरासरीने भागा. एकच सरासरी दोन्हींना लावली तर जास्त पेनल्टी दिल्या गेलेल्या हंगामांतले खेळाडू उगाच वर जातात.

पडताळणीसाठी त्या हंगामात बाकीचे अव्वल खेळाडू कुठे होते ते पाहा. १९९०-९१ मध्ये हलच्या ८६ नंतर दुसऱ्या क्रमांकावर तिघे होते, प्रत्येकी ५१ वर: कॅम नीली, थिओ फ्ल्युरी आणि स्टीव्ह आयझरमन. पस्तीस गोलांचं अंतर! ओव्हेच्किनच्या ६५ च्या मागे कोव्हलचुक ५२ वर होता, ५६ च्या मागे जेफ कार्टर ४६ वर. २००९-१० मध्ये क्रॉस्बी आणि स्टॅमकॉस ५१ वर राहिले आणि ओव्हेच्किन ५० वर, म्हणजे तो पहिलाही नव्हता. हल मात्र तिन्ही वर्षं पहिला. फक्त एका दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूवर विसंबू नका, त्याचंही ते वर्ष अपवादाचं असू शकतं. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतची सरासरी जास्त भरवशाची.

मैदानावरच्या मिनिटांनी भागायचा मोह होईल. ही नोंद अधिकृतपणे १९९७-९८ पासून आहे, त्यामुळे हलच्या या तीन हंगामांना ते माप लागू करता येत नाही. अंदाजाने मिनिटं धरली तर आतापर्यंत नीट केलेला हिशेब वाया जाईल.

निकाल लिहिताना आकड्याला झेपेल तेवढंच लिहा. सलग तीन हंगामांत हल थोडा पुढे, एका हंगामाच्या उंचीतही पुढे, शॉट जाळ्यात घालण्यात स्पष्टपणे पुढे. शॉट निर्माण करण्यात ओव्हेच्किन पुढे. सहा टक्क्यांच्या आघाडीवर ‘कितीतरी श्रेष्ठ’ असे शब्द बसत नाहीत, आणि पाच टक्क्यांच्या आतलं अंतर बरोबरीच समजा.

हाच हिशेब ओव्हेच्किनच्या २०१२-१३ ते २०१४-१५ या हंगामांवरही करून पाहा. ३२, ५१ आणि ५३ गोल, २०७ सामने, लीगची सरासरी २.६६ च्या आसपास. ३.०० च्या समान पातळीवर दर सामन्याला ०.७४ येतात, त्याच मापाने त्याच्या पहिल्या बहरातल्या ०.७९ पासून (१९५ भागिले २४६) फार लांब नाहीत. पहिला हंगाम संघमालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीमुळे ४८ सामन्यांचा झाला होता, म्हणून तो एकटा ८२ वर ताणू नका, तिन्हींची बेरीज करूनच भागा.