टेबलटॉप रोलप्लेइंग गेम: कोल्हापुरात पहिला डाव कसा मांडावा

चार जाणती माणसे रात्री अकरा वाजेपर्यंत एका कागदाभोवती बसून काय बोलत असतात, असे विचारणाऱ्याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचे, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन बोलत बोलत गोष्ट पुढे नेण्याच्या या खेळाचे, नियम समजावून सांगण्यात फारसा अर्थ नसतो. त्याला एक डाव खेळायला बसवावे. तो डाव कसा मांडावा, हे येथे सांगितले आहे.

या खेळाचा सारा ओढा एका प्रश्नात आहे. सूत्रधार, म्हणजे गेम मास्टर, प्रसंग उभा करतो आणि समोरच्याला विचारतो, 'आता तू काय करतोस?' कॉम्प्युटरवरच्या खेळात बनवणाऱ्याने जेवढ्या वाटा ठेवल्या असतील तेवढ्याच असतात. येथे खेळाडूला सुचेल ती वाट असते आणि सूत्रधाराला ती ऐकून घेऊन पुढचे जग तिच्याप्रमाणे बदलावे लागते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा असाच खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तो पटावरच्या युद्धखेळांतून घडलेला होता. पण त्यात खेळाडूच्या हाती फौजेऐवजी एकच माणूस आला. फौज हरली तर सोंगट्या उचलून ठेवता येतात, परंतु ज्या एका माणसाला आपण नाव दिले, ज्याच्या तोंडून आपण बोललो, त्याचा जीव धोक्यात आला की खेळणाऱ्याची खरोखरच घालमेल होते.

सूत्रधार धरून चार-पाच जण आणि सलग तीन तास, एवढे पहिल्या डावाला पुरे. राजारामपुरीतल्या एखाद्या गजबजलेल्या कॅफेपेक्षा कोणाच्या तरी घरातली बाहेरची खोली कधीही बरी, कारण हा खेळ पूर्णपणे ऐकण्यावर चालतो. मिसळ खायची असेल तर आधी खाऊन, हात धुऊन बसावे.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली विनामूल्य मिळतात. ते सावकाश वाचावेत. पहिल्या दिवशी मात्र एकच नियम लागतो: वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात त्या पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवायचे आणि बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली की काम फत्ते. सोप्या कामाला १०, मध्यमाला १५, अवघडाला २० हे आकडे धरावेत. फासा मिळाला नाही तर १ ते २० अंकांच्या चिठ्ठ्या एका वाटीत टाकाव्यात. काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाकून वाटी हलवली की शक्यता अगदी फाशासारखीच राहते.

गोष्ट कोठली घ्यावी? पहिल्या डावाला परदेशी जंगले आणि ड्रॅगन नकोत, पन्हाळा घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. तीन दरवाजा, अंबरखाना, विहीर पोटात दडवलेली ती तीन मजली अंधार बाव, हे सगळे कोल्हापूरच्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असते. त्यामुळे सूत्रधाराला वर्णनात वेळ घालवावा लागत नाही आणि खेळाडू स्वतःच म्हणतात, 'तिथून खाली उतरायला वाट आहे का?' काळ १६६० चा, सिद्दी जौहरच्या वेढ्याचा घ्यावा. परंतु महाराजांची किंवा बाजीप्रभूंची भूमिका कोणालाही देऊ नये. त्यांनी काय केले हे आपल्याला ठाऊक आहे आणि ते फाशावर सोडण्याची गोष्ट नव्हे. शिवाय निकाल आधीच माहीत असेल तर खेळाडूला ठरवायला काही उरतच नाही. पात्रे साधी, काल्पनिक असावीत: गडावरचा एक वैद्य, घोड्यांची निगा राखणारा एक मोतद्दार, रात्रीच्या वाटा जाणणारी एक गुराखीण. काम एकच: पावसाच्या रात्री एक थैली वेढ्याबाहेर पोहोचवायची.

आता चौकी आली, असे समजू. सूत्रधार म्हणतो, 'पहारेकऱ्याने मशाल वर धरली आहे. तुझे धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले आहे. काय करतोस?' खेळाडू क्षणभर थांबून म्हणतो, 'मी त्याला म्हणतो, मामा, म्हैस सुटलीय, हिकडं आली का ओ?' येथे फासा टाकावा, कारण पहारेकरी फसेल की नाही हे खरोखरच अनिश्चित आहे. आकडा १५ ठरवला आणि पात्राला बोलण्याचे ३ गुण असले, तर फाशावर १२ किंवा अधिक पडायला हवेत, म्हणजे शक्यता ४५ टक्के. या वेळी खोलीत जी शांतता पसरते, तिच्यासाठीच लोक या खेळाकडे पुन्हा पुन्हा येतात.

फासा उलटा पडला तरी 'जमले नाही' एवढेच म्हणून थांबू नये. पहारेकऱ्याला संशय येतो आणि तो म्हणतो, 'चल, मी पण येतो म्हैस शोधायला.' गोष्ट पुढे सरकली, फक्त अडचणीच्या दिशेने. आणि जेथे अपयशाने काही बिघडणार नसेल तेथे फासा मुळीच टाकू नये. दार उघडे असेल तर ते उघडेच असू द्यावे.

आवाज बदलून अभिनय करता आलाच पाहिजे, अशी अनेकांची समजूत असते, पण तसे नाही. 'माझा वैद्य त्याला धीर देतो' एवढे म्हटले तरी चालते. गप्प बसलेल्याला त्याच्या पात्राच्या नावाने हाक मारून विचारावे आणि उत्तराची घाई करू नये; जे एरवी चारचौघांत बोलत नाहीत, त्यांच्याच डोक्यातून पुष्कळदा सर्वांत नामी युक्ती निघते. कोणते विषय खेळात नकोत, हेही सुरुवातीलाच मोकळेपणाने विचारून घ्यावे.

तीन तास संपत आले की एखाद्या निर्णयाच्या तोंडाशी डाव थांबवावा, आणि पुढचा रविवार सगळे उठण्याआधीच ठरवून टाकावा. 'व्हॉट्सअ‍ॅपवर बघू' म्हटलेला डाव सहसा पुन्हा जमत नाही.