जायरोट्रॉनची पॉवर मधेच पडायची, शेवटी कारण सापडलं

माझा अनुभव सांगतो. फ्युजनमधला प्लाझ्मा तापवायला जायरोट्रॉन, म्हणजे जोरदार मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारी व्हॅक्यूम ट्यूब लागते, फ्रान्समधल्या इटर या फ्युजन प्रकल्पासाठीचा जायरोट्रॉन 170 गिगाहर्ट्झ आणि 1 मेगावॅटचा, आमचाही त्याच जातीचा. व्होल्टेज वाढवत गेलं की पॉवर छान चढायची आणि ऐन वेळी धप्पकन पडायची. आम्ही आधी पॉवर सप्लायवर संशय घेतला, दोन आठवडे त्यातच गेले. मग फ्रिक्वेन्सी नीट मोजली तर ती दोन-तीन गिगाहर्ट्झ खाली सरकलेली, म्हणजे कॅव्हिटीत (ट्यूबमधल्या ज्या पोकळीत लहरी तयार होतात तिथे) शेजारचा मोड, म्हणजे लहरींची नको ती दुसरी रचना, घुसत होता!

आता इलेक्ट्रॉनची बीम पोकळ नळीसारखी असते, ती कॅव्हिटीच्या बरोबर मधोमध हवी, मिलिमीटरचा काही भाग जरी सरकली तरी नको तो मोड जोर धरतो. मग करंट अगदी कमी ठेवून डायपोल कॉइलने बीम एका बाजूला ढकलली, बॉडी करंट (ट्यूबच्या भिंतीला आपटणाऱ्या इलेक्ट्रॉनचा करंट) कुठे वाढतो ते लिहून घेतलं, मग उलट बाजूला, आणि दोन्हीचा मध्य काढला. ट्यूब मॅग्नेटच्या अक्षापासून खरंच सरकलेली होती. बसवताना आमचीच घाई नडली.

ट्यूब पुन्हा बसवली, 6.7 टेस्लाच्या आसपास फील्ड जरा जरा बदलत गेलो आणि मेन मोड टिकला. त्या रात्री घरी जावंसंच वाटेना. पॉवर पडली तर आधी फ्रिक्वेन्सी मोजा, सप्लाय नंतर उघडा.